कोणता पॅच स्टेबल कर्नलमध्ये पाठवावा आणि कोणता नाही

लिनक्स कर्नलसाठी केलेली दुरुस्ती मंजूर झाली, लिनस टोरवाल्ड्सच्या मेनलाइनमध्ये (मुख्य शाखेत) पोचली, की पॅच लिहिणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. ज्याच्या मशीनवर तो बग रोज छळतोय त्याच्या पदरात मात्र अजून काहीच पडलेलं नसतं, कारण मेनलाइनचा ताजा कर्नल चालवणारे थोडेच असतात. सर्व्हर, फोन, राउटर, कारखान्यातले कंट्रोलर यांतले बहुतेक सगळे ५.१५, ६.१, ६.६, ६.१२ असल्या दीर्घ मुदतीच्या शाखांवर किंवा त्यांवर बेतलेल्या डिस्ट्रिब्युशनच्या कर्नलवर असतात. दुरुस्ती तिथवर पोचायची तर ती स्टेबल शाखेत, म्हणजे आधीच निघालेल्या आवृत्तीसाठी फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या शाखेत, जायला हवी, आणि तिथे आलं ते सगळं घेत नाहीत.

हा लेख कर्नलमध्ये पॅच पाठवणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या स्वतःच्या कर्नल शाखेत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवणाऱ्यांनाही यातला बराचसा भाग जसाच्या तसा लागू पडेल. गिट वापरता येतं आणि कमिट, बॅकपोर्ट, मेंटेनर हे शब्द ओळखीचे आहेत असं धरून चालतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

पूर्वी विषम क्रमांकाचा कर्नल विकासासाठी आणि सम क्रमांकाचा वापरासाठी अशी विभागणी असे. २.६ च्या काळात ती मोडली आणि सगळा विकास एकाच धारेत होऊ लागला. मग दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात ज्याचं मशीन कोसळतंय त्याने करायचं काय? मार्च २००५ मध्ये, २.६.११ आल्यावर, ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट या कर्नल डेव्हलपरांनी यावर तोडगा काढला आणि २.६.११.१ ही पहिली स्टेबल आवृत्ती निघाली. आज ग्रेग यांच्यासोबत साशा लेविन हे काम पाहतात. मेनलाइनची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, स्टेबलची जवळजवळ दर आठवड्याला.

नियमांचा कागद कर्नलच्या सोर्ससोबतच येतो आणि तो अगदी छोटा आहे. सार असं. दुरुस्ती, किंवा तिच्याच तोलाची दुसरी दुरुस्ती, आधी मेनलाइनमध्ये असली पाहिजे. ती उघडपणे बरोबर आणि तपासलेली असावी. आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठी नसावी. लोकांना खरोखर त्रास देणारा बग तिने सुटावा, नाहीतर ती नुसता नवा डिव्हाइस आयडी जोडणारी असावी. ‘असं झालं तर कदाचित अडचण येईल’ या जातीचे काल्पनिक प्रश्न चालत नाहीत. स्पेलिंग आणि मोकळ्या जागांची सफाई चालत नाही.

एवढं वाचल्यावर प्रश्न मिटला असं वाटतं. अवघड जागा पुढे येतात, आणि त्या दोनच आहेत: खरा त्रास कशाला म्हणायचं, आणि ‘उघडपणे बरोबर’ म्हणजे नेमकं कुठे बरोबर. दुसरीवरच सगळ्यात जास्त लोक घसरतात. मेनलाइनमध्ये अचूक असलेला पॅच तीन वर्षं जुन्या शाखेत चूक ठरू शकतो, आणि त्यातली एकही ओळ न बदलता. म्हणून खालच्या पायऱ्यांत पाचवीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पायरी १ : त्रास कुणाला, आणि तो दिसतो कसा

कमिटचा मजकूर क्षणभर बाजूला ठेवा. कोड न वाचणाऱ्या माणसाला सांगावं तसं दोन वाक्यांत लिहा: मशीन वापरणाऱ्याला काय दिसतं? ही दोन वाक्यं लिहिता आली नाहीत तर पॅच स्टेबलसाठी नाही, किंवा तुम्हालाच अजून बग नीट उमगलेला नाही. दोन्हींत पाठवायची घाई नको.

काही नमुने घेऊ. ‘लॅपटॉप झोपेतून उठल्यावर वायफाय परत येत नाही, रीबूटच करावा लागतो’ हा पॅच बिनदिक्कत जातो. मशीन कोसळणं, अडकून बसणं, डेटा बिघडणं, खरी सुरक्षेची भगदाडं, हार्डवेअरच्या खोडी सांभाळून घेणं, बिल्ड मोडणं हे सगळं नियमांत नावानिशी आलेलं आहे. ‘फंक्शन आता वाचायला सोपं झालं’ हा जात नाही, मग तुम्ही त्यावर कितीही घाम गाळलेला असो.

अडतं ते मधल्या पट्ट्यात. समजा, एका ड्रायव्हरमध्ये डिव्हाइस काढून घेताना त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसची आयऑक्टल (डिव्हाइसला थेट आज्ञा देणारी) विनंती आली तर मोकळी केलेली मेमरी वाचली जाते. हा नुसता कागदावरचा रेस, म्हणजे दोन कामं एकाच क्षणी आडवी आल्याने होणारी चूक, आहे का? इथे एकच प्रश्न विचारायचा: हे घडवून आणू शकतो कोण? साधा वापरकर्ता यूएसबी ओढत आणि खोचत एका छोट्या प्रोग्रामने ते घडवू शकत असेल, तर बग खरा आहे. ते कसं घडतं हे कमिटमध्येच लिहा. त्याउलट रूटने (पूर्ण अधिकार असलेल्या वापरकर्त्याने) मॉड्यूल काढताना नेमक्या एका निमिषात तिसरंच काही जुळून आलं तरच हे होणार असेल, तर पॅच मेनलाइनमध्ये छान आहे, त्याला तिथेच राहू द्या. नियमही हेच सांगतात: काल्पनिक रेस नको, पण त्याचा गैरफायदा कसा घेता येतो हे दाखवलंत तर विचार होईल.

आणखी एक नेहमीचा पाहुणा म्हणजे ड्रायव्हर सुरू होताना एखादी पायरी फसली की न सोडलेली थोडीशी मेमरी. स्टॅटिक तपासणीची (कोड न चालवता तपासणारी) साधनं असे बग ढिगाने काढून देतात. माझं मत स्पष्ट आहे: ड्रायव्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा असेल, म्हणजे तेवढीच मेमरी दर काही सेकंदांनी गळत असेल, तरच स्टेबलसाठी टॅग लावा (तो कसा, ते पायरी ७ मध्ये). बूट होताना एकदाच गळणाऱ्या काही बाइटांसाठी पाच जुन्या शाखांना धक्का लावायचं कारण नाही.

वेग वाढवणाऱ्या पॅचना वेगळी वाट आहे. वापरणाऱ्याला जाणवेल इतका मोठा फरक पडत असेल तर असे पॅच विचारात घेतात, पण ते डिस्ट्रिब्युशनच्या कर्नल मेंटेनरनेच, बगच्या नोंदीचा दुवा आणि परिणामाचा तपशील देऊन पाठवावेत असा नियम आहे. कारण उघड आहे. वेगाचे पॅच एका मशीनवर फायदा देतात आणि दुसऱ्यावर नकळत तोटा करतात.

डिव्हाइस आयडीची गोष्ट सर्वांत सोपी. यूएसबी मोडेमसाठी ‘ऑप्शन’ नावाचा एक जुना सीरियल ड्रायव्हर आहे. नवं मोडेम बाजारात आलं की त्याचा विक्रेता क्रमांक आणि उत्पादन क्रमांक त्या यादीत जोडणारा चिमुकला पॅच येतो आणि मुकाट्याने सगळ्या चालू शाखांत जातो. लॅपटॉपच्या आवाजाच्या चिपसाठी लागणाऱ्या खास नोंदींचंही तसंच. नवा ड्रायव्हर किंवा नवी सोय मात्र या दारातून आत येत नाही.

सुरक्षेबाबत एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच आपल्या बगना सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-त्रुटींचे सर्वमान्य ओळख-क्रमांक) देतो, आणि ते काम स्टेबलच्या प्रक्रियेलाच जोडलेलं आहे. पॅच ‘सुरक्षेचा’ म्हणून घोषित करायचा की नाही या वादात पॅच पाठवणाऱ्याने वेळ दवडू नये. बग, त्याचा परिणाम आणि तो कुठल्या आवृत्तीपासून आहे एवढं चोख लिहिलं की पुढचं काम सीव्हीई क्रमांक देणाऱ्या चमूचं.

पायरी २ : मेनलाइनमध्ये पोचला आहे का

इथे तडजोड नाही. जुन्या शाखेत बग सुटला आणि मेनलाइनमध्ये राहिला, तर नव्या आवृत्तीवर जाणाऱ्या माणसाला सुटलेला बग पुन्हा भेटतो. त्यामुळे ‘आधी जुन्यात घालू, वर नंतर पाठवू’ हे बोलणं कंपनीच्या आतल्या शाखेतही चालवून घेऊ नका. ते ‘नंतर’ सहसा उजाडत नाही.

तोलाच्या दुसऱ्या दुरुस्तीची सवलत आहे, पण ती क्वचित वापरण्यासाठी. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यावर ४.१४ मध्ये मेनलाइनच्याच बदलांचा बॅकपोर्ट गेला. ४.४ आणि ४.९ इतके जुने होते की त्यांच्यासाठी कैसर नावाच्या आधीच्या पॅचसंचावर बेतलेली वेगळी दुरुस्ती वापरावी लागली. तिथे १०० ओळींचा नियमही अर्थातच मागे पडला. अशी अपवादाची वेळ आली तर ती सगळ्यांना आपोआप कळते. आपला पॅच तसा आहे का असा प्रश्न पडत असेल, तर तो तसा नाही.

पायरी ३ : आकार

डिफ काढा आणि आजूबाजूच्या ओळींसकट मोजा. १०० च्या वर जात असेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: दुरुस्ती आणि सफाई एकाच कमिटमध्ये कालवलेली असते. हे मेनलाइनला पाठवायच्या आधीच निस्तरायचं. मालिकेत पहिला पॅच बगची सर्वांत छोटी दुरुस्ती करणारा ठेवा, भले ती दिसायला ओबडधोबड असो. नावं बदलणं, फंक्शन वेगळं काढणं, नव्या पद्धतीचं लॉकिंग हे सगळं त्याच्यानंतर. उलटा क्रम लावलात, आधी सफाई आणि मग तिच्यावर उभी असलेली दुरुस्ती, तर जुन्या शाखेत दुरुस्ती नेताना अख्खी सफाई सोबत ओढावी लागते. ही एक सवय लावून घेतली तरी पुढच्या पायऱ्यांचा निम्मा ताप वाचतो.

पायरी ४ : बग कधीपासून आहे

आता किती मागे जायचं ते ठरवायचं. गिटच्या ‘ब्लेम’ने चुकीची ओळ कुणी आणली ते काढा. ओळ नुसती इकडची तिकडे हलवलेली असेल तर तिच्याही मागे जा. मूळ कमिट सापडलं की ‘डिस्क्राइब’ला ‘कंटेन्स’ हा पर्याय देऊन ते पहिल्यांदा कुठल्या आवृत्तीत आलं ते बघा. ते कमिट ‘फिक्सेस’ टॅगमध्ये लिहायचं: हॅशची पहिली १२ अक्षरं आणि कंसात त्याचं शीर्षक.

हे नेहमी सरळ जात नाही. ‘डर्टी पाइप’ नावाने गाजलेला २०२२ चा बग घ्या. जर्मन प्रोग्रामर मॅक्स केलरमान यांना तो सापडला, तोही सर्व्हरवरच्या बिघडलेल्या लॉग फाइलींचा माग काढता काढता. पाइपसाठी (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटेसाठी) नवा बफर घेताना त्यातलं फ्लॅग्जचं खातं शून्य केलं जात नव्हतं, म्हणजे मागच्या वापराचा कचरा तसाच उरायचा. ही चूक ४.९ पासूनची. पण ४.९ मध्ये त्या कचऱ्याने फारसं बिघडत नव्हतं. ५.८ मध्ये एका निरुपद्रवी दिसणाऱ्या बदलाने ‘या बफरात पुढचा मजकूर मिसळायला हरकत नाही’ ही खूण त्याच फ्लॅग्जमध्ये आणली, आणि मग साधा वापरकर्ता फक्त वाचण्यापुरत्या उघडलेल्या फाइलीच्या कॅशमध्ये आपला मजकूर घुसवू शकू लागला. रूट मिळवायला एवढं पुरेसं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची: दोन फंक्शनांत फ्लॅग्ज शून्य करणं. कमिटचा मजकूर इतका साधा की त्यात सुरक्षेचा उल्लेखही नाही. २३ फेब्रुवारी २०२२ ला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये ती आली, आणि तपशील जगजाहीर झाला ७ मार्चला.

आता प्रश्न. ‘फिक्सेस’मध्ये ५.८ चं कमिट लिहायचं की ४.९ चं? फटका ५.८ पासून बसत होता, चूक ४.९ ची होती. प्रत्यक्षात टॅगने ४.९ कडे बोट दाखवलं, आणि ते योग्यच. जुन्या कर्नलमध्ये नवे बदल आणणारी मंडळी खूप आहेत. उद्या कुणी ५.८ चा तो बदल आपल्या जुन्या शाखेत नेला तर झोपलेला बग जागा होणारच. म्हणून साध्या, दोन ओळींच्या, कुणाला न दुखावणाऱ्या दुरुस्तीसाठी मूळ चुकीपर्यंत मागे जा. दुरुस्तीच जोखमीची असेल तर मात्र जिथून त्रास सुरू होतो तिथे थांबा आणि का थांबलात ते लिहा.

पायरी ५ : जुनी शाखा हा पॅच पेलते का

इथे घाई करू नका. पॅच जुन्या शाखेवर बिनतक्रार बसला आणि कंपाइलही झाला, म्हणजे तो तिथे बरोबर आहे, असं अजिबात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनने १२.३ ही आवृत्ती जाहीर केली आणि तिची इन्स्टॉल करायची इमेज रोखून धरली. तिच्यातल्या ६.१.६४ कर्नलवर ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचा डेटा बिघडण्याचा धोका होता. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, ६.१.६६ घेऊन १२.४ काढावी लागली.

मधल्या काळात काय झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. ईएक्सटी४ मध्ये एक खरा बग होता. सिंक मागून (लिहिलेलं डिस्कवर पक्कं पोचल्याशिवाय काम संपलं म्हणू नको असं सांगून), थेट डिस्कवर लिहून फाइल वाढवली, तर डेटा पोचायचा पण वाढलेला आकार डिस्कवर नोंदला जाण्याची हमी नव्हती. त्या क्षणी वीज गेली तर लिहिलेलं हरवणार. दुरुस्ती मेनलाइनमध्ये होती. त्रास खरा, डेटाशी संबंधित. स्टेबलचे नियम घेऊन बसलात तर प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण पडेल असाच पॅच होता तो.

दुरुस्तीत लेखन संपल्यावर चालणारं ईएक्सटी४ चं फंक्शन, सगळं सुरळीत झालं तर किती बाइट लिहिले ती संख्या परत देऊ लागलं. आधी अशा वेळी ते शून्य द्यायचं. हे फंक्शन ज्या सामाईक थरातून बोलावलं जातं तो आयओमॅप. मेनलाइनमध्ये आयओमॅपच्या कोडमध्ये आधीच एक छोटा बदल झालेला होता. फाइलमधली पुढची जागा सरकवण्याचं काम थोडं खाली नेलं होतं आणि त्यामुळे शून्याहून मोठं उत्तर आलं तरी जागा सरकत होती. ६.१ मध्ये हा बदल नव्हता. तिथे आयओमॅप फक्त शून्य उत्तर आल्यावरच जागा पुढे सरकवायचा. परिणाम असा की लेखन झालं, पण पुढचं लेखन सुरू करायची जागा तिथेच राहिली. मग पुढचा तुकडा आधीच्या तुकड्यावर.

दोन्ही पॅच आपापल्या जागी निर्दोष. आयओमॅपवाला बदल बगची दुरुस्ती म्हणून लिहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला ‘फिक्सेस’ टॅग असायचं कारण नव्हतं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध कुठल्याही टॅगवरून कळणार नव्हता. राहून गेलेलं ते कमिट ६.१.६६ मध्ये आणून प्रश्न सोडवला गेला.

म्हणून जुन्या शाखेत नेण्याआधी एवढं करा. तुमचा पॅच ज्या फंक्शनांना बोलावतो आणि जी फंक्शनं तुमच्या कोडला बोलावतात, त्या दोन्ही बाजूंची यादी काढा. ती ज्या फाइलींत आहेत त्यांचा गिट लॉग जुन्या आवृत्तीपासून तुमच्या कमिटच्या आदल्या कमिटपर्यंत काढा. ५.१० साठी तो लांबलचक निघेल. सगळा वाचायची गरज नसते, फक्त चार गोष्टी हुडकायच्या असतात. परत येणाऱ्या उत्तराचा अर्थ बदलला आहे का. फंक्शन चालताना कुठलं लॉक धरलेलं असतं, यात फरक पडला आहे का. मेमरी किंवा संदर्भ सोडायची जबाबदारी एका बाजूकडून दुसरीकडे गेली आहे का. आणि कामाचा क्रम बदलला आहे का. नाव बदललेलं फंक्शन, नवा पॅरामीटर, हरवलेली हेडर फाइल यांची काळजी नको, तिथे कंपाइलर स्वतःच बोंब मारतो. या चारांवर तो अवाक्षर काढत नाही.

यातलं एखादं सापडलं तर वाटा तीन. पूर्वअट असलेलं कमिट छोटं आणि सुरक्षित असेल तर तेही सोबत न्या. नसेल तर त्या शाखेसाठी पॅच थोडा बदला. दोन्हीही पेलणारं नसेल तर त्या शाखेपुरतं सोडून द्या. तिसरी वाट निवडायला लोक कचरतात. माझ्या मते त्रास किरकोळ असेल तेव्हा ती सर्वांत शहाणपणाची असते.

एक बंधन मात्र पाळावं लागतं. ५.१० मध्ये दुरुस्ती नेत असाल तर ५.१५, ६.१ आणि त्यापुढच्या सगळ्या चालू शाखांतही ती असली पाहिजे. नाहीतर पुढच्या शाखेवर जाणाऱ्याच्या नशिबी तोच बग परत.

पायरी ६ : त्या शाखेवर चालवून पाहा

मेनलाइनवर घेतलेली चाचणी इथे मोजायची नाही. ज्या शाखेत न्यायचं तिचा ताजा टोकाचा कर्नल बांधा, आधी पॅचशिवाय बग घडवून दाखवा, मग पॅचसह तो जातो का ते पाहा. पहिला भाग टाळू नका. पॅचशिवायही बग घडत नसेल तर त्या शाखेला तुमच्या पॅचची गरजच नसेल.

मेमरीचा मामला असेल तर कर्नलमधला केॲसॅन हा चूकशोधक चालू ठेवा, लॉकचा असेल तर लॉकडेप. फाइलसिस्टिमसाठी एफएसटेस्ट्स, सिस्टिम कॉलसाठी एलटीपी हे चाचणीसंच. एक्सएफएस या फाइलसिस्टिमची मंडळी याबाबत इतकी काटेकोर आहेत की आपोआप निवडलेले पॅच त्यांनी नकोच म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे बॅकपोर्ट निवडून, चाचण्यांतून काढून मगच पुढे जातात.

पायरी ७ : कागदपत्रं

तीन रस्ते आहेत आणि पहिला सोडून दुसरीकडे जायचं सबळ कारण हवं.

पहिला: पॅच मेनलाइनला पाठवतानाच सही-टॅगांच्या भागात ‘सीसी’ लिहून स्टेबलचा पत्ता द्यायचा, म्हणजे स्टेबल ॲट व्हीगर डॉट कर्नल डॉट ऑर्ग. पुढे हॅशचं चिन्ह (#) देऊन कुठल्या आवृत्तीपासून ते सांगता येतं, पूर्वअट असलेलं कमिटही तिथेच नोंदता येतं. पॅच थोडा मुरू द्यायचा असेल तर ‘आरसी३ नंतर’ (मेनलाइनच्या तिसऱ्या चाचणी-आवृत्तीनंतर) असंही लिहिता येतं, आणि नाजूक दुरुस्त्यांसाठी ते जरूर लिहावं. मेनलाइनमध्ये गेल्यावर पॅच आपोआप रांगेत येतो. नेटवर्किंगच्या पॅचना हा टॅग लावू नये असा जुना समज अजून फिरतो. तो नियम केव्हाच गेला.

दुसरा: टॅग लावायचा राहिला आणि पॅच मेनलाइनमध्ये पोचला, तर स्टेबलच्या पत्त्यावर मेल टाकायची. त्यात शीर्षक, कमिटचा हॅश, का हवा आणि कुठल्या शाखांत हवा. पहिल्या पायरीतली दोन वाक्यं इथे जशीच्या तशी उपयोगी पडतात.

तिसरा: बॅकपोर्टमध्ये बदल करावा लागला असेल तर स्वतः पॅच पाठवायचा. विषयात शाखेचं नाव, मजकुराच्या सुरुवातीला मेनलाइनच्या कमिटचा पूर्ण हॅश, आणि तुमच्या सहीच्या आधी चौकटी कंसात काय बदललं आणि का. ‘किरकोळ संघर्ष सोडवला’ असं लिहून मोकळं होऊ नका. कुठल्या फंक्शनात, कशामुळे, हे एका ओळीत सांगा. सहा महिन्यांनी कुणीतरी त्याच ओळीवरून तुमचा पॅच तपासणार असतो.

नुसता ‘फिक्सेस’ टॅग असला की पॅच स्टेबलमध्ये जातोच, हा गैरसमज सर्वत्र आहे. बहुतेक वेळा उचलतात हे खरं, पण हमी नाही. हवा असेल तर स्टेबलचा टॅग स्पष्टपणे लावा. उलट, ‘फिक्सेस’ आहे पण जुन्या शाखांत जायला नको असेल तर त्यासाठी वेगळा पत्ता आहे: स्टेबल या शब्दानंतर अधिकचं चिन्ह आणि ‘नोऑटोसेल’. पुढे कारण लिहिणं बंधनकारक. अजून उघड न झालेल्या सुरक्षा-बगसाठी व्हीगर वगळून नुसता कर्नल डॉट ऑर्गवरचा स्टेबल पत्ता लिहायचा. तिथे पाठवलेली मेल कुणाकडेच जात नाही, त्यामुळे चुकून भांडं फुटत नाही आणि टॅगचं काम मात्र होतं.

पायरी ८ : पाठवल्यानंतर

टॅग लावलेला पॅच एखाद्या शाखेवर बसला नाही तर ‘फेल्ड’ असं शीर्षक असलेली मेल येते. तिच्यात पुन्हा प्रयत्न करायच्या आज्ञाही लिहिलेल्या असतात. घाबरायचं कारण नाही, पण आज्ञा चालवून, संघर्ष कसाबसा मिटवून उत्तर पाठवू नका. पॅच बसला नाही याचा अर्थ भोवतालचा कोड वेगळा आहे, म्हणजे पायरी ५ पुन्हा. ती शाखा सोडून द्यायची असेल तर तसं कळवा.

बसला तर तो स्टेबलच्या आरसी (चाचणी) आवृत्तीच्या आढाव्यात येतो. आक्षेप घ्यायला सहसा ४८ तास मिळतात. त्या मेलमध्ये आपला पॅच दिसला की दोन गोष्टी बघा: तो ज्या शाखेत हवा तिथेच आहे ना, आणि मालिकेतले दोन हवे असताना एकच तर नाही ना आला. चूक दिसली तर त्याच मेलला उत्तर द्या. आक्षेप आलेला पॅच काढून टाकायला मेंटेनर काचकूच करत नाहीत.

तुम्ही टॅग न लावलेला पॅचही येऊ शकतो. साशा लेविन यांच्या ऑटोसेल या यंत्रणेने मेनलाइनमधून दुरुस्तीसारखे दिसणारे कमिट उचललेले असतात, आणि ते पॅच शीर्षकात ‘ऑटोसेल’ घेऊन येतात. बरेचसे योग्य असतात, काही निव्वळ सफाईचे निघतात. नको असेल तर एका ओळीत कारण देऊन नकार कळवा. गप्प राहिलात तर तो जातो.

आणि स्टेबल आवृत्ती बाहेर पडल्यावर ‘आधी चालत होतं, आता मोडलं’ अशी तक्रार तुमच्या पॅचच्या नावाने आली, तर पहिलं काम मेनलाइनचा ताजा कर्नल चालवून पाहणं. तिथेही मोडलं असेल तर पॅचच चुकला, दुरुस्ती किंवा रिव्हर्ट आधी मेनलाइनमध्ये आणि मग तिथून खाली. तिथे ठीक चालत असेल तर जुन्या शाखेत काहीतरी राहून गेलं आहे. ते तासाभरात सापडलं तर पाठवा, नाहीतर त्या शाखेतून रिव्हर्ट मागा आणि सावकाश शोधा.